प्रेशर कुकर: वाफेला वेसण घालणाऱ्या भांड्याची कुळकथा

परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात प्रेशर कुकर हमखास असतो. काही दिवसांतच त्याच्याविषयीचे प्रश्नही सुरू होतात. गावी तीन शिट्ट्यांत शिजणारी तुरीची डाळ इथे पाच शिट्ट्यांतही का गळत नाही? नव्या विजेच्या कुकरला शिट्टीच नाही, मग वेळ कशी मोजायची? इंडक्शनच्या शेगडीवर आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तो का? या प्रश्नांची उत्तरे पाककलेत शोधून सापडत नाहीत. ती यंत्रशास्त्रात आहेत. साडेतीनशे वर्षे जुन्या या साधनाचा प्रत्येक भाग दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर म्हणून घडला आहे. वाफ कोंडायची कशी, हा पहिला प्रश्न. आणि कुणाचे लक्ष नसताना ती वेळीच सुटेल कशी, हा दुसरा. हे दोन प्रश्न ध्यानात ठेवले, तर कोणत्याही देशातील कोणताही कुकर समजून घेता येतो आणि निर्धास्तपणे वापरता येतो.

कोंडलेल्या वाफेचे गणित

समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. वाढते ती केवळ वाफ. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते, तर तेच पाणी पूर्णपणे वाफेत बदलण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट उष्णता खर्च होते. उघड्या पातेल्यात तासभर डाळ रटरटत ठेवली, की जळणाचा मोठा भाग अन्न शिजवण्याऐवजी स्वयंपाकघरातील हवा दमट करण्यात जातो.

भांडे घट्ट बंद केले, की वाफ आत साठते आणि दाब वाढतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. बाहेरच्या वातावरणापेक्षा आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंडांनी जास्त झाला, की पाणी साधारण १२० अंशांना उकळू लागते. भारतातील बहुतेक घरगुती कुकर याच दाबासाठी बनवलेले असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने वीस अंशांच्या वाढीमुळे शिजण्याचा वेग जवळपास चौपट होतो. तासाभराची डाळ पंधरा मिनिटांत शिजते ती यामुळे.

या सोयीची किंमतही लक्षात घ्यावी. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या हिशेबाने त्या झाकणाला आतील वाफ ३१४ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलत असते. चार-पाच धडधाकट माणसे झाकणावर उभी राहिली तरच त्यांचे वजन या जोराशी तुल्य ठरेल. कुकरच्या साऱ्या अभियांत्रिकीचे मूळ या आकड्यात आहे.

पापिनचे पात्र

वाफ कोंडून अन्न शिजवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग देनी पापिन या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाच्या नावावर आहे. १६४७ मध्ये जन्मलेल्या पापिनने पॅरिसमध्ये क्रिस्तियान हायगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल या थोर वैज्ञानिकांच्या हाताखाली काम केले होते. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले पात्र मांडले. जाड धातूचे हे नळकांडे स्क्रूने आवळलेल्या झाकणाने बंद होत असे आणि त्यात कठीण हाडेही मऊ होत. खाटकाने टाकून दिलेल्या हाडांतून गरिबांना पौष्टिक रस मिळावा, हा त्याचा एक हेतू होता. १६८१ मध्ये त्याने या पात्राविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढल्या वर्षी रॉयल सोसायटीच्या सदस्यांनी या पात्रात शिजलेले जेवण घेतले आणि जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने त्याची नोंद करून ठेवली.

पापिनपुढे एक अडचण होती. आत किती तापले आहे हे कळायचे कसे? त्याने झाकणावरील खळगीत पाण्याचा थेंब टाकला आणि तो किती वेळात सुकतो हे लंबकाच्या झोक्यांवर मोजले. बंद भांड्याच्या आतील अवस्था बाहेरून मोजण्याचा हा पहिला उपाय होता. आपण शिट्ट्या मोजतो ती त्याचीच दूरची वंशज म्हणावी लागेल.

दुसरी अडचण जिवावर बेतणारी होती. कोंडलेल्या वाफेने भांडे फुटू नये म्हणून पापिनने झाकणाला एक छिद्र ठेवले आणि त्यावर वजन टांगलेल्या दांड्याने दाबून धरलेली झडप बसवली. दाब मर्यादेबाहेर गेला की वाफ ती झडप उचलून बाहेर पडे. ही सुरक्षा झडप पुढे वाफेच्या इंजिनांचा अविभाज्य भाग झाली. वाफेच्या बळावर सरकणाऱ्या दट्ट्याची कल्पनाही पापिनने १६९० मध्ये मांडली. वाफेच्या युगाची एक वाट अशा रीतीने स्वयंपाकाच्या भांड्यातून गेली. पापिन स्वतः मात्र १७१३ च्या सुमारास लंडनमध्ये विपन्नावस्थेत वारला.

प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात

पापिनचे पात्र जड, महाग आणि हाताळण्यास अवघड होते. घराघरांत पोहोचण्यासाठी कुकर हलका, स्वस्त आणि कुणालाही झटकन उघडता-मिटता येईल असा व्हावा लागला. त्याला विसावे शतक उजाडले. १९१९ मध्ये स्पेनमध्ये होसे आलिक्स मार्तिनेस याला जलद शिजवणाऱ्या भांड्याचे पेटंट मिळाले. १९३८ मध्ये आल्फ्रेड व्हिशर याने न्यूयॉर्कमध्ये घरगुती वापराचा कुकर बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या जागतिक प्रदर्शनात या साधनाकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुकरला मोठी मागणी आली. पण त्याबरोबर सुमार दर्जाचे मालही बाजारात शिरले. झाकणे उडाल्याच्या, छताला आमटीचे शिंतोडे लागल्याच्या कहाण्या घरोघरी पसरल्या आणि एका पिढीच्या मनात या भांड्याविषयी धास्ती बसली. अमेरिकन शेजारीण आपल्या कुकरची शिट्टी ऐकून आजही दचकते, त्यामागे ही जुनी भीती असते.

युरोपात तंत्र वेगळ्या दिशेने गेले. १९४९ मध्ये स्वित्झर्लंडच्या कून रिकॉन कंपनीने स्प्रिंगची झडप असलेला कुकर आणला. त्यात झाकणावर एक बारीक दांडी दाब वाढेल तशी वर येते आणि तिच्यावरील खुणा आतला दाब सांगतात. दांडी हव्या त्या खुणेवर आली की आच मंद करायची. वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही आणि आवाजही होत नाही. फ्रान्समध्ये १९५३ मध्ये सेब कंपनीचा 'कोकोत मिन्यूत' हा कुकर आला आणि फ्रेंच घरांत रुळला.

भारतात कुकर

दाबाचा कुकर भारतात येण्यापूर्वी वाफेवर शिजवणारी भांडी इथे होतीच. आपले मोदकपात्र हे त्याचे घरगुती उदाहरण. १९१० च्या सुमारास बंगालमधील बहुश्रुत वैद्य इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. एका नळकांड्यात एकावर एक डबे रचून खाली मंद कोळसा ठेवला, की वरण, भात, भाजी एकाच वेळी शिजत असे. यात दाब नव्हता. मात्र एकाच आचेवर अनेक पदार्थ, ही भारतीय स्वयंपाकाची गरज त्यात नेमकी ओळखली होती. पुढे आपल्या कुकरमध्ये खाली डाळीचे व वर भाताचे भांडे ठेवण्याची रीत रूढ झाली, तिच्यामागेही हाच विचार दिसतो.

दाबाच्या कुकरचे भारतीय उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९५९ मध्ये एच. डी. वासुदेव यांनी मुंबईत हॉकिन्स कंपनी उभी केली. तिला इंग्लंडमधील एल. जी. हॉकिन्स कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते. तिचा एक कारखाना ठाण्यात आहे. त्याच सुमारास दक्षिणेत टीटीके समूहाने इंग्लंडच्या प्रेस्टिजच्या सहकार्याने उत्पादन आरंभले. या दोन घराण्यांनी झाकण बसवण्याचे दोन वेगळे मार्ग रूढ केले.

पहिल्या प्रकारात झाकण आतून बसते. कुकरचे तोंड किंचित लांबट असल्याने झाकण तिरके करून आत घालता येते आणि मग वर ओढून कडेला टेकवता येते. आत दाब वाढला की वाफ झाकणाला आणखी घट्ट दाबते. दाब शिल्लक असताना हे झाकण उघडणे माणसाच्या ताकदीपलीकडचे असते, कारण ते उघडण्यासाठी आधी खाली ढकलावे लागते आणि वाफ त्याला शेकडो किलोंच्या जोराने वर रेटत असते. धोका ज्या बळापासून, तेच बळ इथे कुलपाचे काम करते.

दुसऱ्या प्रकारात झाकण बाहेरून बसते आणि फिरवले की त्याचे दाते भांड्याच्या कडेखाली अडकतात. हे झाकण बसवणे सोपे, भांड्याचे तोंडही पूर्ण गोल आणि मोकळे. मात्र इथे वाफ झाकणाला दात्यांवर रेटत असते. म्हणून दाते, कडा आणि रबरी रिंग यांची स्थिती चांगली असणे अगत्याचे ठरते.

शिट्टी म्हणजे काय?

झाकणावरील नळीच्या तोंडावर ठेवलेले वजन म्हणजे आपली शिट्टी. तिचे गणित सोपे आहे. समजा, नळीच्या छिद्राचा व्यास तीन मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब हवा असेल, तर त्या छिद्रावर सुमारे ७० ग्रॅम वजन ठेवले की पुरे. दाब त्याहून वाढताच वाफ वजन उचलते.

एकदा वजन उचलले गेले, की बाहेर झेपावणारी वाफ छिद्रापेक्षा मोठ्या पृष्ठभागावर आदळते. त्यामुळे वजन एकदम वर उडते, भरपूर वाफ सुटते, दाब उतरतो आणि वजन पुन्हा खाली बसते. हीच शिट्टी. एक शिट्टी होऊन दुसरी होईपर्यंत आतील दाब पुन्हा चढत असतो. याचा अर्थ असा, की शिट्टी ही जादा वाफ सुटल्याची खूण आहे. अन्न किती वेळ शिजले याच्याशी तिचा संबंध दूरचा आहे. आच मोठी असेल तर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतील. आच मंद असेल तर त्याच अवधीत एकही होणार नाही, आणि डाळ दोन्ही वेळा जवळपास सारखीच शिजेल. मोठ्या आचेने वाढते ते जळण, आटते ते पाणी, आणि नळीत शिरतो तो डाळीचा फेस.

म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून तिथून मिनिटे मोजावीत, ही पद्धत अधिक भरवशाची. आपल्या आया-आज्या 'तीन शिट्ट्या' म्हणत, तेव्हा त्यांची शेगडी, त्यांचे भांडे, त्यांचे पाणी आणि त्यांची डाळ ठरलेली असे. त्या चौकटीत शिट्टी अचूक घड्याळ होती. चौकट बदलली की घड्याळ चुकते.

सुरक्षेचे एकावर एक थर

डाळीचे टरफल किंवा भाताची पेज नळीत अडकली, तर शिट्टी उचललीच जाणार नाही. या शक्यतेसाठी कुकरमध्ये दुसरी फळी असते. झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा छोटा तुकडा बसवलेला असतो. कुकरचे तापमान नेहमीपेक्षा बरेच वर गेले, किंवा पाणी पूर्ण आटून भांडे कोरडे तापू लागले, की हा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. घरात आपण 'व्हॉल्व्ह उडाला' म्हणतो, ते हेच. उडालेला व्हॉल्व्ह ही यंत्राची चूक नव्हे. आपले काम करून तो संपलेला असतो. त्याच्या जागी त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा नवा व्हॉल्व्ह बसवावा.

पण त्या जागी बाजारातील बनावट व्हॉल्व्ह बसवला गेला तर? टीटीके प्रेस्टिजचे टी. टी. जगन्नाथन यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. कुकर उत्तम, पण दुरुस्तीत लावलेला सुटा भाग नकली, आणि त्यातून अपघात. यावर त्यांनी झाकणाच्या कडेला एक खाच ठेवण्याचा उपाय काढला. दाब धोक्याच्या पातळीला पोहोचला, की रबरी रिंगच त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफ कडेने सुटते. ग्राहक कोणता व्हॉल्व्ह बसवील यावर भिस्त न ठेवणारी ही तिसरी फळी होती. साधन वापरणाऱ्याच्या हातून काय चुकू शकते याचा आधीच विचार करणे, ही चांगल्या अभियांत्रिकीची खूण यात स्पष्ट दिसते.

या साऱ्याला कायद्याचेही पाठबळ आहे. भारतात घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक असून १ फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय कुकर विकण्यास मनाई आहे. युरोपात ईएन १२७७८ आणि अमेरिकेत यूएल १३६ ही मानके प्रचलित आहेत. भारतातून कुकर आणताना तळावर किंवा झाकणावर मानकाचे चिन्ह पाहून घेणे शहाणपणाचे.

धातू, तळ आणि शेगडी

ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि उष्णता झपाट्याने पसरवणारे. म्हणून पहिले भारतीय कुकर त्याचेच झाले. चिंच, टोमॅटो यांसारख्या आंबट पदार्थांचा त्याच्यावर परिणाम होतो, हा त्याचा दोष. विजेच्या साहाय्याने धातूच्या पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा जाड थर चढवण्याची ॲनोडायझिंगची प्रक्रिया त्यावर उतारा ठरली. काळसर राखाडी रंगाचे कुकर या जातीचे.

स्टेनलेस स्टील आंबटाला दाद देत नाही, पण उष्णता फार हळू वाहते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तिची वाहकता दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. नुसत्या स्टीलच्या तळावर ज्योतीच्या जागी अन्न करपते आणि कडेला कच्चे राहते. म्हणून स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची चकती दाबून बसवलेला 'सँडविच' तळ आला.

इंडक्शनच्या शेगडीने धातूची निवड आणखी महत्त्वाची केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीने अशी शेगडी दाखवली होती. तिच्या काचेखालील तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो. त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या तळातच प्रवाह उत्पन्न करते आणि तळ स्वतः तापतो. यासाठी तळ चुंबकाला चिकटणारा हवा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर अशा शेगडीवर थंडच राहतो. परीक्षा सोपी आहे: फ्रिजवरचा चुंबक कुकरच्या तळाला लावून पाहावा, घट्ट चिकटला तर कुकर चालेल.

भाताने शिकवलेला स्वयंचलितपणा

आतापर्यंतच्या सर्व सुधारणांत आच कमी-जास्त करण्याचे काम माणसाकडेच राहिले होते. ते यंत्राकडे देण्याची किल्ली जपानमध्ये, भाताच्या भांड्यात सापडली. १९५५ च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने विजेचा राइस कुकर बाजारात आणला. तो घडवणारे योशितादा मिनामी एका लहान कारखान्याचे मालक होते आणि भात शिजवून पाहण्याचे असंख्य प्रयोग त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी केले. त्यांची युक्ती अशी होती: आतल्या भांड्यात तांदूळ व पाणी, बाहेरच्या भांड्यात मोजून घातलेले थोडे पाणी. बाहेरचे पाणी सुमारे वीस मिनिटांत आटते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवर अडून राहते. पाणी संपताच ते वर चढते, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज बंद होते. कोणतेही घड्याळ नसताना भात झाल्याचे यंत्राला 'कळते'.

हेच तत्त्व दाबाच्या भांड्याला लागू झाले. १९९१ मध्ये चीनमध्ये विजेच्या प्रेशर कुकरच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पुढे सूक्ष्मप्रक्रियक आले आणि २०१० मध्ये कॅनडात रॉबर्ट वांग यांच्या कंपनीने 'इन्स्टंट पॉट' बाजारात आणला. परदेशस्थ भारतीय घरांत त्याने अल्पावधीत जागा मिळवली. यात दाब व तापमान यांवर संवेदकांचे लक्ष असते. दाब पुरेसा झाला की वीज तुटते, उतरू लागला की पुन्हा सुरू होते. शिट्टीचा कुकर जादा वाफ सोडून दाब आवरतो, विजेचा कुकर उष्णतेचा पुरवठाच रोखतो. वाफ बाहेर पडत नसल्याने पाणी कमी लागते आणि शिट्टीला कारणच उरत नाही. दाब असेपर्यंत झाकण फिरू नये म्हणून वाफेनेच वर उचलली जाणारी एक लहान खीळ त्यात असते.

हे यंत्रही निर्दोष नव्हे. दाब असताना झाकण उघडू शकते असे आढळल्याने अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या देखरेखीखाली काही कंपन्यांचे विजेचे कुकर परत मागवले गेले आहेत. आपल्याकडील नमुना अशा यादीत आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

परक्या भूमीतील हिशेब

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू.

मिनिटांचे रूपांतर: इन्स्टंट पॉटसारख्या विजेच्या कुकरमध्ये दाब साधारण १० ते १२ पौंड असतो, म्हणून तापमान ११५ ते ११८ अंशांच्या आसपास राहते. भारतीय कुकरच्या १५ पौंडांच्या मानाने थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. वीज बंद झाल्यावर वाफ आपोआप जिरू दिली, तर त्या दहा-पंधरा मिनिटांतही अन्न शिजत राहते. तीही हिशेबात धरावीत.

उंची: डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातील पाणी ९५ अंशांनाच उकळते, म्हणून कुकरशिवाय कडधान्ये शिजवणे जिकिरीचे. शिट्टीचे वजन बाहेरच्या हवेच्या दाबावर आपला दाब चढवते. बाहेरची हवाच विरळ असल्याने कुकरच्या आतील तापमानही दोन-तीन अंशांनी कमी भरते. वेळ थोडी वाढवावी.

पाणी आणि डाळ: कॅल्शियमयुक्त जड पाणी आणि दुकानात फार दिवस पडून राहिलेली तूर, या दोहोंमुळे डाळ गळत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो यांची आंबटाईही दाण्यांचे मऊ होणे लांबवते. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावे.

शेगडी: विजेची कॉइल किंवा काचेखालची लालबुंद शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. आच कमी केली तरी शिट्ट्या थांबत नाहीत त्या यामुळे. अशा शेगडीवर आच थोडी आधीच कमी करावी. इंडक्शनवर मात्र आच क्षणात उतरते.

वीज: भारतात २३० व्होल्टची वीज असते, अमेरिका व कॅनडात १२० व्होल्टची. भारतीय १,००० वॉटचा साधा तापक अमेरिकेत जेमतेम २७० वॉट देईल आणि पाणी कोमट करीत बसेल. उलट, अमेरिकेतील उपकरण भारतात लावले तर सुमारे पावणेचारपट शक्ती खेचून जळून जाईल. विजेचा कुकर ज्या देशात वापरायचा, त्याच देशात घ्यावा.

राजमा: लाल राजम्यात निसर्गतः एक विषारी प्रथिन असते. ते नष्ट होण्यासाठी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेचा स्लो कुकर तेवढा तापत नाही. त्यात कच्चा राजमा थेट टाकून शिजवल्यास उलट्या-जुलाबांचा गंभीर त्रास होऊ शकतो. प्रेशर कुकर हे काम निर्धोकपणे करतो.

निगराणी

पाच मिनिटांच्या निगराणीने बहुतेक अपघात टळतात. कुकर लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. रबरी रिंग ताठरली, चिरली किंवा सैल झाली असेल तर बदलावी. भांडे दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये. फेस येणाऱ्या डाळी, कडधान्ये असतील तर अर्ध्यावर थांबावे. पाण्याशिवाय कुकर तापवू नये आणि दाबाखाली तेलात तळणे कधीही करू नये. आतील वाफ पूर्ण जिरल्याखेरीज झाकणाशी झटापट करू नये; झाकण सहज उघडत नसेल, तर तो आत दाब असल्याचा इशारा समजावा. विजेचा कुकर नळाखाली धरून गार करण्याचा विचारही नको.

पापिनला थेंब सुकण्याची वाट पाहावी लागे, आपल्या आज्या शिट्ट्या मोजत, आजचे यंत्र स्वतःच मोजते. लक्ष ठेवण्याचे ओझे पिढीगणिक माणसाकडून यंत्राकडे सरकत गेले आहे. तरीही नळी स्वच्छ आहे की नाही, रिंग मऊ आहे की नाही आणि उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी अस्सल व्हॉल्व्ह बसला की नाही, हे पाहणारे डोळे घरातलेच असतात. पुढच्या वेळी गावाहून येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी त्याच कंपनीची एक नवी रिंग आणि एक व्हॉल्व्ह आठवणीने ठेवावा.